शिनोळीचा टेम्पो आणि सी.ए. फर्मचा व्हॉट्सअ‍ॅप: एक प्रकरण

बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीतून सुटलेला टेम्पो हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला पोचतो. सगळं अंतर तासाभराच्या आतलं. पण बाची मागे पडली की राज्य बदलतं. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात येते. बेळगावच्या कितीतरी कारखानदारांची एक शेड उद्यमबागेत किंवा मच्छेत आणि दुसरी शिनोळीत आहे. मालक तोच, पॅन नंबर तोच, टेम्पोचा ड्रायव्हरही तोच. जीएसटीच्या खात्यात मात्र हे दोन वेगळे करदाते. एकाचा नंबर २९ ने सुरू होतो, दुसऱ्याचा २७ ने.

एका सी.ए. फर्मने सोशल मीडियावर आपलं काम लोकांपुढे कसं नेलं, त्याची ही हकीगत आहे. सुरुवात टेम्पोपासून केली, कारण फर्मच्या सगळ्या खटाटोपात खरं काम केलं ते या टेम्पोबद्दलच्या एका प्रश्नानं. फर्म टिळकवाडीत आहे, नाव इथं देत नाही. थोरले भागीदार आणि त्यांची पुतणी, असे दोघे मिळून ती चालवतात. ऑफिसात ते 'सर' आणि ती 'मॅडम'. आपसात मात्र 'काका' आणि 'अगं' चालतं. मी या कामात मजकूर लिहिण्या-तपासण्यापुरता होतो, त्यामुळे बरंचसं जवळून पाहता आलं. काळ २०२३ ते २०२५. नियमांबद्दल जे लिहिलंय ते त्या काळात लागू होते तसे.

काकांच्या पिढीत काम येण्याची वाट एकच होती. एका पार्टीने, म्हणजे अशिलाने, दुसऱ्या पार्टीला सांगायचं. वडगावातल्या एका यंत्रमागवाल्याचे हिशेब नीट झाले की त्याच्या गल्लीतले आणखी दोघे यायचे. ही वाट हळूहळू आटत चालली होती. जुन्या पार्ट्यांची मुलं कारभार बघायला लागली. ती पुण्या-बेंगळुरात शिकून आलेली, रिटर्न भरायचं ॲप मोबाईलवर असलेली. वडिलांचा सी.ए. तोच आपला, असं त्यांना वाटत नव्हतं. नोटीस आली की मात्र धावत यायची, आणि तोवर मुदत टळून गेलेली असायची. पुतणी पुण्याहून परत आली तेव्हा तिला पहिल्यांदा टोचलं ते हेच.

तिने बाहेरगावच्या एका जाहिरात एजन्सीकडून आराखडा करून घेतला. फेसबुक पेज, इन्स्टाग्राम, पैसे देऊन पुढे ढकललेल्या पोस्ट आणि वर्षभराचे सणांचे बॅनर. पहिल्या खेपेच्या नमुन्यांत शिवजयंतीचा बॅनर १९ फेब्रुवारीचा होता. बेळगावची शिवजयंती वैशाखात, तिथीने होते, आणि चित्ररथांची मिरवणूक पाहायला अवघा तालुका लोटतो. एजन्सीला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. दुसऱ्या नमुन्यावर फर्मच्या नावाखाली 'उत्तर कर्नाटकातील अग्रगण्य कर सल्लागार' असं ठळक छापलेलं होतं.

काकांनी तो कागद हातात घेतला, वाचला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"अगं, हे लावलं तर उद्या कुणीतरी तक्रार करील आणि ती तक्रार खरी असेल."

चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ चा आहे. त्याच्या पहिल्या परिशिष्टाच्या पहिल्या भागात व्यावसायिक गैरवर्तनाची यादी आहे. त्यातलं सहावं कलम जाहिरातीने, पत्रकाने किंवा गाठीभेटीने काम मागायला मनाई करतं. सातवं कलम स्वतःच्या कर्तबगारीची नि सेवांची जाहिरात करायला मनाई करतं. शुभेच्छापत्रावर फर्मचं नाव घालता येतं, पण ते पत्र पार्ट्या, नातेवाईक आणि मित्र यांनाच जावं लागतं. फेसबुकच्या चावडीवर टांगलेला बॅनर त्यात बसत नाही. सी.ए. एकटे नाहीत यात. वकिलांना बार कौन्सिलचा नियम ३६ आहे, आर्किटेक्टना १९८९ चे आचारनियम आहेत, डॉक्टरांना २००२ चे. 'प्रोफेशनल फर्मसाठी सोशल मीडिया' असं म्हणून जे पॅकेज सर्रास विकलं जातं, ते घेणाऱ्याने आधी आपल्या व्यवसायाची ही कलमं वाचावीत. बहुतेक जण वाचत नाहीत, आणि विकणारा तर नाहीच नाही.

मग पुतणीने सी.ए. इन्स्टिट्यूटची, म्हणजे हे नियम लावणाऱ्या संस्थेची, प्रश्नोत्तरं काढून वाचली. त्यात एक वाट मोकळी होती. शैक्षणिक स्वरूपाचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकता येतात. अट अशी की त्यात फर्मचा उल्लेख नको, फोन नंबर नको, वेबसाइटचा पत्ता नको. एजन्सीच्या माणसाने हे ऐकून सरळ विचारलं, "मग उपयोग काय?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याला तेव्हा आमच्यापैकी कुणाकडेही उत्तर नव्हतं. नाव नाही, नंबर नाही, मग ऐकणारा आपल्यापर्यंत पोचणार कसा? एजन्सीचं काम तिथंच थांबलं. त्यांनी पैसे मोजूनमापून घेतले आणि उगीच ताणलं नाही, हे नोंदवायला हवं.

उत्तर सापडलं ते रिसेप्शनवरच्या वहीत. फोनवर कोण काय विचारतो, ते लिहून ठेवायची काकांची जुनी शिस्त. आर्टिकलशिपची, म्हणजे सी.ए. होण्याआधी फर्ममध्ये उमेदवारी करणारी, पोरं ती वही कंटाळत भरायची. पुतणीने वर्षभराची वही घेऊन बसून वाचली. तेच ते प्रश्न, वेगवेगळ्या तोंडांनी. निपाणीचा व्यापारी विचारतो, कागल तर पन्नास किलोमीटरच्या आत आहे, ई-वे बिलात गाडी नंबर कशाला? (ई-वे बिल म्हणजे माल हलवण्याआधी ऑनलाइन काढायचा कागद. त्यात गाडी नंबर न देण्याची सवलत एकाच राज्यात, तीही मालकाच्या गोदामापासून ट्रान्सपोर्टवाल्यापर्यंत. कागल दुसऱ्या राज्यात.) खानापूरचा काजूवाला विचारतो, शेतकऱ्याकडून सालासकट बी घेतली, शेतकरी बिल देत नाही, टॅक्स कुणी भरायचा? (नोंदणी असलेला खरेदीदारच भरणार, रिव्हर्स चार्जने. निपाणीत शेतकऱ्याकडून तंबाखूचं पान घेणाऱ्यालाही हेच लागू.) बाजारातला कापडवाला विचारतो, मी कंपोझिशनमध्ये आहे, गडहिंग्लजच्या गिऱ्हाईकाला माल पाठवला तर चालेल का? (नाही. कंपोझिशन म्हणजे छोट्या धंद्याने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय. ती घेणाऱ्याला परराज्यात माल विकता येत नाही.)

हे प्रश्न बेंगळुरात कुणी विचारत नाही, पुण्यात तर नाहीच. तिथले व्हिडिओ चांगले असतात, पण त्यात सीमा नसते. इथं माणसाची सोयरीक चंदगडात, शेत बेळगाव तालुक्यात, कारखाना शिनोळीत आणि बँक खातं टिळकवाडीत. रोजच्या जगण्याला जी सीमा आडवी येत नाही, ती बिलात येते. नेमकी हीच गरज बाकी सगळ्यांनी मोकळी सोडली होती.

पहिला ऑडिओ शिनोळीचाच केला. आवाज पुतणीचा. कागदावर लिहिलेलं वाचू नको, पार्टी समोर बसलीय असं समजून बोल, एवढंच मी सुचवलं होतं. ती बोलली ते असं:

"उद्यमबागेतल्या एका मालकांनी विचारलंय, माझाच माल माझ्याच शिनोळीच्या शेडमध्ये नेतोय, विकालो नाही, मग त्यावर टॅक्स कसला? तर ऐका. शेड तुमची, माल तुमचा, बरोबर आहे. पण उद्यमबागेचा नंबर २९ चा, शिनोळीचा २७ चा. कायद्याला हे दोघे वेगळे. म्हणून विक्री नसली तरी बिल करायचं आणि त्यावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, लावायचा. घाबरू नका. जेवढा टॅक्स इकडं भरला तेवढा तिकडं क्रेडिट म्हणून मिळतोय. पैसा जात नाही, थोडे दिवस अडकतोय. बिल न करता नुसत्या डिलिव्हरी चलनावर माल पाठवालासा आणि वाटेत गाडी धरली, तर उत्तर देता यायचं नाही. माल पन्नास हजारांच्या वर असला तर ई-वे बिलही काढा. अंतर पंधरा किलोमीटर असो की दीडशे, राज्य बदललं की झालं."

खाली दोन ओळींचा मजकूर होता: जीएसटी कायद्याचं कलम २५(४) आणि पहिली अनुसूची. फर्मचं नाव कुठंच नव्हतं. ऑडिओ गेला तो फर्मच्या चालू पार्ट्यांच्या ब्रॉडकास्ट लिस्टवर. आपल्याच पार्टीला माहिती देणं म्हणजे काम मागणं नव्हे, त्यामुळे काकांचीही हरकत नव्हती.

इथं एक तांत्रिक खोच आहे, ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, आणि ज्याने पाठवणाऱ्याचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. फर्मने या कामासाठी नवा नंबर घेतला होता. पार्ट्यांकडे काकांचा जुना नंबर होता. निरोप पाठवल्यावर बऱ्याच नावांपुढे एकच टिक राहिली. मग सही करायला, कागद द्यायला जो येईल त्याला रिसेप्शनवरची मुलगी म्हणायची, "काका, एवढा नंबर सेव्ह करून घ्या की." काहींना तिनेच त्यांच्या मोबाईलमध्ये करून दिला. कुठलंही ॲप हे काम करून देणारं नव्हतं, आणि यावाचून पुढचं काहीच घडलं नसतं.

दुसरा ऑडिओ जॉबवर्कचा. स्वतःच्या शेडऐवजी दुसऱ्याच्या मशिनशॉपमध्ये कास्टिंग मशिनिंगला पाठवायचं असेल तर ते टॅक्स न लावता चलनावर जातं, वर्षाच्या आत परत यावं लागतं. पण मालक एका राज्यात आणि जॉबवर्कवाला दुसऱ्या राज्यात असेल तर मालाची किंमत काहीही असो, ई-वे बिल लागतंच. पन्नास हजारांची मर्यादा तिथं नाही. हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. "चार हजाराचा माल हाय, त्याला कसलं बिल?" असं म्हणणारे रोज शिनोळीला आणि कोल्हापूरच्या गोकुळ शिरगावला माल धाडत होते. बिनकागदाची गाडी अडवली तर मालकाने पुढे येऊनही टॅक्सच्या दुप्पट दंड भरावा लागतो.

हा ऑडिओ पहिल्यापेक्षा जास्त फिरला. आम्हाला ते कळलं ते फोन यायला लागले तेव्हा. फोन थेट ऑफिसात येत नव्हते. आधी एखाद्या जुन्या पार्टीला जायचे. "हे कोण सांगालंय? तुझ्याकडं कुठनं आलं?" असं विचारायचे, पार्टी सांगायची, "आमच्या मॅडम हायत," आणि मग नंबर मिळायचा. एजन्सीच्या माणसाच्या प्रश्नाला हे उत्तर होतं. नाव निरोपात असण्याची गरजच नव्हती. निरोप पुढे ढकलणारा स्वतःच नाव सांगत होता, आणि त्याच्या सांगण्याला जे वजन आहे ते बॅनरला नाही. काकांच्या काळातली तोंडी शिफारस जशीच्या तशी राहिली, तिला बोट धरायला एक ऑडिओ मिळाला.

मार्च २०२४ ने हे पक्कं केलं. आयकराच्या कलम ४३ब(ह) चं ते पहिलंच वर्ष. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी मिळतो. उद्यमबागेत यावरून धांदल उडाली. फाउंड्रीवाला एका बाजूने मोठ्या कंपनीला माल देणारा, तिथं त्याला हे कलम हवंहवंसं. दुसऱ्या बाजूने तोच पॅटर्नवाल्याकडून, वाळूवाल्याकडून माल घेणारा, तिथं नकोसं. काही खरेदीदार तर 'उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारकडे असलेली नोंद) काढून टाक, नाहीतर ऑर्डर देत नाही' असं म्हणायला लागले. पुतणीने तीन छोटे ऑडिओ केले. देणाऱ्यासाठी एक, घेणाऱ्यासाठी एक, आणि तिसरा फक्त एवढं सांगायला की नुसता खरेदी-विक्री करणारा व्यापारी यात धरला जात नाही. तिसरा सगळ्यात छोटा होता आणि सगळ्यात जास्त लोकांची झोप त्यानेच परत आणली. भीती कमी करणारा निरोप लोक आधी पुढे पाठवतात, असं माझं त्यावरून मत झालं.

भाषेचा प्रश्न येणारच होता. जॉबवर्कचा ऑडिओ व्हिडिओच्या रूपात यूट्यूबवरही टाकला होता, तो कुणीतरी फेसबुकच्या एका मोठ्या ग्रुपवर नेला. खाली पहिली प्रतिक्रिया आली, 'कन्नडदल्ली हाकी', म्हणजे कन्नडमध्ये टाका. साधी विनंती होती. तिला कुणीतरी तिरकस उत्तर दिलं, आणि तासाभरात ई-वे बिल बाजूला राहून १९५६ ची राज्य पुनर्रचना आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा यांवर हाणामारी सुरू झाली. सीमाप्रश्न हा इथल्या मराठी माणसाच्या काळजाचा विषय आहे, माझ्याही. पण ज्याला उद्या सकाळी गाडी पाठवायची आहे त्याचं उत्तर त्या गदारोळात गाडलं गेलं, हे मला खटकलं. पुतणीने आपल्या यूट्यूब चॅनलवरच्या प्रतिक्रिया बंद केल्या. प्रश्न असेल त्याने ऑफिसात यावं. तो निर्णय मला तेव्हाही पटला, आजही पटतो.

विनंती मात्र तिने सोडून दिली नाही. गोकाककडचा एक आर्टिकल ऑफिसात होता. त्याला मराठी ऑडिओ कन्नडमध्ये करायला सांगितलं. दोन केल्यावर तोच म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं हे कुणी विचारत नाही." खरंच होतं ते. गोकाक, बैलहोंगलच्या व्यापाऱ्याचा माल शिनोळीला जात नाही. त्याची अडचण बाजार समितीतल्या खरेदीची, अडत्याच्या कमिशनची, ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या भाड्याची. तेव्हापासून कन्नड यादी वेगळी झाली. वहीसुद्धा वेगळी, भरणारा तोच. मराठीतून कन्नडमध्ये किंवा उलट काहीही नेलं जात नाही. दोन्हीकडची माणसं आपल्याशी कुणीतरी थेट बोलतंय असं समजून ऐकतात, कारण ते खरंच तसं असतं.

बाकीच्या माध्यमांबद्दल थोडक्यात. इन्स्टाग्राम दोन-तीन महिन्यांत बंद केलं, या वर्गाची पार्टी तिथं नाही. लिंक्डइनने पार्टी एकही आणली नाही, पण पुण्या-बेंगळुरात नोकरीला गेलेल्या नि घरी परतू पाहणाऱ्या दोन मुलांनी तिथं बघून विचारणा केली, त्यातला एक आज फर्ममध्ये आहे. व्हॉट्सअ‍ॅप चॅनल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलं, त्याचा विचार झाला आणि मागे ठेवला. चॅनलला नाव द्यावं लागतं, ते फर्मचं दिलं की पुन्हा सातव्या कलमाशी गाठ.

या कामाची किंमतही मोजायला हवी. सगळ्यात जड गेलं ते वैयक्तिक प्रश्नांचं. ऑडिओ ऐकला की लोक त्याच नंबरवर बिलाचा फोटो पाठवून 'हे बघा जरा' म्हणतात. सुरुवातीला आर्टिकल पोरं उत्साहाने उत्तरं द्यायची. अर्ध्या माहितीवर दिलेला सल्ला नोटिशीत अंगाशी येतो, म्हणून काकांनी ते कडक बंद केलं. आता एकच उत्तर जातं: कागद घेऊन ऑफिसात या. काहींना राग येतो. दुसरं, वेळ. जीएसटी रिटर्नच्या मुदती, म्हणजे दर महिन्याची ११ तारीख, २० तारीख आणि तिमाहीवाल्यांची २२ तारीख, जवळ आल्या की ऑडिओ बंद असतात. ज्यांना वाटतं की अशा कामात रोज काहीतरी टाकलंच पाहिजे, त्यांनी या फर्मची महिन्यातून दोन-तीन ऑडिओंची चाल बघावी.

मग चोरीचा प्रकार झाला. एका कर सल्लागाराने शिनोळीचा मजकूर जसाच्या तसा घेऊन खाली स्वतःचं नाव आणि नंबर टाकला. सी.ए. नसलेल्या सल्लागाराला जाहिरातीची ती कलमं लागू नाहीत, त्यामुळे त्याला नाव टाकायला आडकाठी नव्हती. पुतणी चिडली. साहजिक होतं.

"काका, आपण काहीच करायचं नाही काय?"

"मजकुरावर काय करणार? पण आवाज तुझा आहे, तो त्याला बदलता येत नाही. लिहिलेलं कमी कर, बोललेलं वाढव."

तेव्हापासून खालचा मजकूर फक्त कलम क्रमांकाचा असतो. समजावून सांगायचं ते सगळं आवाजात.

याहून गंभीर अडचण २०२५ च्या सप्टेंबरात उभी राहिली. २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांशी गेले. सिमेंट २८ वरून १८ वर आलं, तूप १२ वरून ५ वर. फर्मचे दराबद्दलचे जुने ऑडिओ मात्र ग्रुपांवरून फिरतच होते. हातून सुटलेला निरोप परत बोलावता येत नाही. खानापूरचा एक किराणावाला जुना ऑडिओ दाखवून 'मॅडमनीच १२ सांगितलंय की' म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याच आठवड्यात पुतणीने नियम केला. प्रत्येक ऑडिओ तारखेने सुरू होतो: "आज अमुक तारीख, आजच्या कायद्याप्रमाणे सांगते." दर सांगणारे ऑडिओ तिने बंदच केले. दर विचारायचा असेल तर फोन करा, पद्धत समजून घ्यायची असेल तर ऑडिओ ऐका, अशी वाटणी झाली. जुने ऑडिओ ज्या पार्ट्यांना गेले होते त्या सगळ्यांना 'हा आता लागू नाही' असा वेगळा निरोप गेला. तो निरोप मात्र जवळजवळ कुणीच पुढे पाठवला नाही, आणि त्यावरचा उपाय फर्मला अजून सापडलेला नाही.